जेवणाची सोय : राजाराम कॉलेज आणि कोल्हापूरचीं वसतिगृहें



एखाद्या कॉलेजचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला, म्हणजे तो बहुधा इमारतीपासून आरंभ करतो. कोनशिला कोणाच्या हस्तें बसली, पहिले प्रिन्सिपॉल कोण होते, कोणकोणते थोर पुरुष तेथें शिकून गेले, हें सांगून झालें कीं इतिहास संपला असें समजण्याची आपली रीत आहे. आज मी ती रीत थोडी मोडणार आहें. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजविषयीं बोलतांना मला प्रथम एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. या कॉलेजांत शिकावयास आलेला मुलगा रात्रीं निजे कोठें आणि दोन वेळां जेवे कोणाकडे ?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण तो तसा नाहीं. कोल्हापूर शहराचा पसारा बेताचा. त्याच्या भोंवतीं मात्र पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, आजरें, शिरोळ असा मोठा मुलूख पसरलेला. शाळा-कॉलेज शहरांत आणि शिकावयाचीं मुलें खेड्यांत, अशी स्थिति होती. डोंगरपल्याडच्या वाडींतून निघालेला मुलगा पायीं वा बैलगाडीनें शहरांत येऊन पोंचे, त्या संध्याकाळींच त्याच्या शिक्षणाचा निकाल लागत असे. ओळखीचें दार सांपडलें तर तो शिके. न सांपडलें तर चार दिवसांनीं गांवची वाट धरी. फी, पुस्तकें, परीक्षा हीं संकटें सारीं त्यानंतरचीं.

आतां थोडा मूळ इतिहास. इ. स. १८५१ मध्यें कोल्हापुरांत इंग्रजी शाळा सुरू झाली. महादेव गोविंद रानडे यांनीं आपले पहिले इंग्रजी धडे गिरविले ते याच गांवांत. त्यांचे वडील तेव्हां संस्थानच्या नोकरींत होते. पुढें या शाळेचें हायस्कूल झालें आणि १८८० सालीं तिला कॉलेजचा वर्ग जोडला गेला. संस्थेस नांव राहिलें तें राजाराम महाराजांचें. हे तरुण महाराज १८७० सालीं इंग्लंडच्या प्रवासास गेले होते. परततांना ३० नोव्हेंबर रोजीं इटलींत फ्लॉरेन्स येथें त्यांचा अंत झाला. वय अवघें वीस. आर्नो नदीच्या कांठीं त्यांचें दहन झालें आणि तेथें त्यांची छत्री आजहि उभी आहे. त्यांनीं प्रवासांत लिहिलेली इंग्रजी रोजनिशी १८७२ सालीं छापून निघाली. नव्या विद्येची एवढी ओढ असलेल्या राजाचें स्मारक फ्लॉरेन्सच्या बागेंतल्या छत्रीपेक्षां भवानी मंडपाशेजारच्या या विद्यामंदिरांत अधिक शोभतें, असें मला वाटतें. पण तो माझ्या गांवाचा अभिमान म्हणून सोडून द्या.

कॉलेजच्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं एक गोपाळ कृष्ण गोखले. १८८१ सालीं मॅट्रिक होऊन त्यांनीं येथें नांव घातलें. पुढें ते पुण्यास डेक्कन कॉलेजांत व तेथून मुंबईस एल्फिन्स्टनमध्यें गेले. त्यांच्या विद्यार्थिदशेची गोष्ट निघाली कीं रस्त्यावरच्या दिव्याखालीं केलेला अभ्यास सांगण्याची चाल आहे. रस्त्यावरचा तो दिवा आपल्याकडे बहुतेक सर्व थोर पुरुषांच्या चरित्रांत लागलेला असतो, म्हणून मी तो बाजूस ठेवतों. मला त्याहून बोलका वाटतो तो एक हिशेब. वडील वारल्यावर थोरले बंधु गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीस लागले. पगार महिना १५ रुपये. त्यांतले ८ रुपये ते धाकट्या भावास कोल्हापुरीं पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत स्वतःचा संसार चालवीत. धाकटा भाऊ हातानें स्वयंपाक करून जेवी. एका मुलाचें शिक्षण म्हणजे दुसऱ्या माणसाची अर्धी मिळकत, असा तो व्यवहार होता.

गोखल्यांना ८ रुपये तरी येत. ज्यांना तेहि येत नसत अशा ब्राह्मण मुलांसाठीं समाजानें एक जुनी वाट घालून ठेविली होती. ती म्हणजे वार लावणें आणि माधुकरी मागणें. आठवड्याचे सात दिवस, सात घरें. सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे. एखाद्या घरचा वार चुकला तर त्या दिवशीं उपास. या पद्धतींत अपमान नव्हता असें मी म्हणणार नाहीं. वारकरी मुलाच्या पानांत काय वाढलें जाई आणि घरच्या मुलाच्या पानांत काय, हें त्या मुलांनीं पुढें मोठेपणीं लिहून ठेविलें आहे. तरीहि ती एक सोय होती. शहरांत आपल्या जातीचीं शिकलेलीं, पोटभर मिळविणारीं कुटुंबें असलीं तरच अशी सोय होऊं शकते.

येथेंच मेख होती. भुदरगडच्या कुणब्याच्या मुलानें वार कोणाकडे लावावा ? त्याच्या जातीचीं घरें शहरांत होतीं. पण त्यांतलीं बरींचशीं तालमीच्या, शेताच्या वा दरबारच्या चाकरीच्या पाठीमागें लागलेलीं. मुलगा शिकतो म्हणून त्यास पोसावें ही कल्पनाच तेथें रुजलेली नव्हती. खानावळीस पैसे लागत. धनगराच्या, शिंप्याच्या, मुसलमानाच्या मुलाची अडचण त्याच जातीची. आणि महाराच्या, चांभाराच्या मुलास तर पैसे असूनहि पेठेंत खोली मिळणें अशक्य. म्हणजे कॉलेजच्या दारावर कोणाला मज्जाव लिहिलेला नव्हता, फी देईल तो आंत जाऊं शकत होता, आणि तरी आंत बसलेला वर्ग जवळजवळ एकाच समाजाचा होता.

छत्रपति शाहू महाराजांनीं १८९४ सालीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां त्यांच्या पुढें ही स्थिति होती. त्यांनीं प्रथम केलेला उपाय सरळ होता. १८९६ च्या सुमारास कॉलेजशीं जोडलेलें एक वसतिगृह सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं निघालें. नियमांत कोठेंहि भेद नव्हता. परिणाम काय झाला ? कांहीं वर्षांतच तें वसतिगृह केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचें झालें. कोणीं मुद्दाम कारस्थान केलें असें मानण्याची गरज नाहीं. जे आधींच शिकत होते तेच अर्ज करणार. ज्यांचें सोंवळें कडक त्यांच्या सोयीनेंच स्वयंपाकघर चालणार. आणि त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीं बिचकून उभा राहिलेला खेड्यांतला मुलगा दोन दिवसांत आपणच निघून जाणार. महाराजांनीं हें पाहिलें, आणि मला त्यांचें मोठेपण दिसतें तें येथें, कीं त्यांनीं कागदावरच्या समतेवर समाधान मानलें नाहीं.

पांडुरंग चिमणाजी पाटील नांवाचा एक हुशार शेतकरी-पुत्र त्या वेळीं शिकत होता. त्याच्या राहण्या-जेवण्याच्या विवंचनेवरून महाराजांशीं झालेलें बोलणें वसतिगृहाच्या कल्पनेस कारण झालें, असें सांगतात. भास्करराव जाधव यांच्यासारखे विद्वान अधिकारी पाठीशीं होते. १८ एप्रिल १९०१ रोजीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झालें. त्याच वर्षीं जैन विद्यार्थ्यांचें बोर्डिंग निघालें. पुढच्या वर्षीं, म्हणजे २६ जुलै १९०२ रोजीं, मागासलेल्या वर्गांसाठीं संस्थानांतल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या जागा राखून ठेवण्याचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. महाराज तेव्हां सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणाच्या निमित्तानें विलायतेंत होते. या हुकुमाविषयीं पुष्कळ बोललें जातें, बोर्डिंगविषयीं कमी. पण क्रम लक्षांत घ्या. बोर्डिंग आधीं, हुकूम नंतर. जागा राखून ठेवल्या तरी त्यांवर बसावयास शिकलेला माणूस हवा, आणि तो माणूस तयार व्हावयाचा तर आज रात्रीं त्याला निजावयास घोंगडी व सकाळीं भाकरी मिळावयास हवी.

यानंतर वसतिगृहांची रीघच लागली. १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं शिक्षणसंस्था निघाली आणि तिचें अध्यक्षपद महाराजांनीं स्वतः घेतलें. १९०७ सालीं वीरशैव लिंगायतांचें, १९०८ सालीं नामदेव शिंपी समाजाचें, आणि त्याच सालीं अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांचें वसतिगृह सुरू झालें. या शेवटच्या वसतिगृहास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचें नांव दिलें गेलें. मिस क्लार्क बोर्डिंग या नांवानें तें ओळखलें जातें. पुढें पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती विद्यार्थ्यांचींहि घरें झालीं. कोणास जागा दिली, कोणास इमारत, कोणास जमिनीचें उत्पन्न. महाराज पहिली मदत करीत आणि बाकीचा भार त्या त्या समाजाच्या पुढाऱ्यांवर टाकीत. आजहि दसरा चौकांत महाराजांच्या पुतळ्यापाशीं उभें राहून चहूंकडे पाहिलें, तर यांतल्या कित्येक बोर्डिंगांच्या पाट्या एका नजरेच्या टप्प्यांत येतात.

आतां एक आक्षेप. जातवार वसतिगृहें काढून महाराजांनीं जात पक्की केली नाहीं काय ? हा प्रश्न त्या काळींहि विचारला गेला आणि तो टाळण्यांत अर्थ नाहीं. माझें उत्तर असें कीं, त्या वेळीं दुसरा मार्ग करून पाहिला होता आणि तो फसला होता. खेड्यांतली आई मुलाला अनोळखी शहरांत धाडतांना एवढेंच विचारी, कीं तो कोणाच्या हातचें खाणार. तिचा विश्वास बसेल असें स्वयंपाकघर आधीं उभें करावें लागलें. शिवाय, आपल्या जातीच्या मुलांसाठीं म्हटलें कीं ज्याची पै सुटत नसे तो सावकारहि शंभर रुपये काढून देई; सर्वांसाठीं म्हटलें असतें तर त्यानें हात आंखडला असता. हा मनुष्यस्वभावाचा दोष आहे. महाराजांनीं त्या दोषाकडूनहि काम करून घेतलें.

पण आक्षेपांत तथ्यहि आहे, आणि तें दाखविणारा माणूस याच वसतिगृहांतून निघाला. कुंभोजचे भाऊराव पाटील राजाराम हायस्कुलांत शिकावयास आले आणि जैन बोर्डिंगांत राहिले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनास ते गेले. परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय भोजनगृहांत यावयाचें नाहीं असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यांनीं तें मानलें नाहीं, आणि त्यांना वसतिगृह सोडावें लागलें. हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत आहे. मॅट्रिकचा पल्ला कांहीं त्यांच्याकडून गांठला गेला नाहीं. पण १९१९ सालीं काले येथें त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह सुरू केलें त्यांत महार, मराठा, जैन, मुसलमान मुलें एकाच पंक्तीस बसविलीं, एकाच चुलीवरची भाकरी त्यांना वाढली. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्या वसतिगृहाचें नामकरण झालें. नांव कोणतें ठेविलें ? छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस. ज्या बोर्डिंगपद्धतीनें त्यांना बाहेर काढलें, तिच्याच आश्रयदात्याचें नांव. भाऊरावांना महाराजांचा हेतु त्यांच्या साधनाहून मोठा दिसला असला पाहिजे. महाराजांचा स्वतःचा विचारहि तोंवर पुढें गेला होता. १९१९ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेंत बसविण्याचा हुकूम दिला.

वसतिगृहांतला दिवस कसा जाई ? पहांटे घंटा. विहिरीवर नाहीं तर नळावर अंघोळीची गर्दी. ज्वारीची भाकरी, आमटी, कांदा. सणावारीं कांहीं गोड. कोठें आचारी असे, कोठें मुलें पाळीनें चूल पेटवीत, पाणी भरीत. १९२० सालीं निघालेल्या प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंगमध्यें तर गरिबांतल्या गरिबास मोफत ठेवून घ्यावयाचें हाच संकल्प होता. महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी १९१८ सालीं शिकारींत अपघातानें गेले, त्यांचें हें नांव. पोराच्या दुःखानें खचलेल्या बापानें दुसऱ्यांच्या पोरांच्या जेवणाची तजवीज करावी, याहून त्या नांवाचा निराळा खुलासा करण्याची गरज नाहीं.

दुपारीं कॉलेज, संध्याकाळीं तालीम. कोल्हापूरच्या विद्यार्थ्यास तालमीची आंघोळ व पुस्तकाची आंघोळ सारखीच प्रिय. १९१२ सालीं खासबागचें कुस्त्यांचें मैदान तयार झालें आणि १९१५ सालीं त्याच्या शेजारीं पॅलेस थिएटर. आज तें केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलें जातें. एका बाजूस लाल माती, दुसऱ्या बाजूस नाटकाचा पडदा. मधल्या रस्त्यानें परीक्षेचीं पुस्तकें घेऊन जाणाऱ्या मुलाची कशी ओढाताण होत असेल, याची कल्पना करावी. १९२९ सालीं प्रभात फिल्म कंपनीहि याच गांवांत जन्मली. अभ्यासाचीं ठिकाणें त्या मानानें शांत : रंकाळ्याचा कांठ, पंचगंगेचा घाट, आणि १८५० पासून चालत आलेलें करवीर नगर वाचन मंदिर. ज्याच्यापाशीं पुस्तक घ्यावयास पैसे नसत त्याचें खरें कॉलेज तेंच.

अध्यापकांकडे वळतों. १९१९ सालीं महाराजांनीं कॉलेज आर्य समाजाच्या हातीं सोंपविलें. त्या संबंधानें १९२२ सालीं मुलतानकडचे डॉ. बाळकृष्ण प्रिन्सिपॉल होऊन आले. लंडनचे पीएच्. डी., अर्थशास्त्राचे पंडित. पण कोल्हापुरांत राहून त्यांनीं लिहिला तो शिवछत्रपतींचा मोठा इंग्रजी चरित्रग्रंथ. दूरच्या पंजाबी माणसानें येथें येऊन आमच्या राजाचा इतिहास आम्हांस शिकवावा, याची गंमत त्या वेळच्या विद्यार्थ्यांना वाटली असेलच. १९४० सालीं त्यांच्या मृत्यूपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्या कारकीर्दींत ना. सी. फडके येथें तत्त्वज्ञान शिकवीत आणि माधव जूलियन, म्हणजे प्रा. माधवराव पटवर्धन, फारसी शिकवीत. माधवरावांना १९३८ सालीं मुंबई विद्यापीठानें मराठी छंदांवरील संशोधनासाठीं डी. लिट्. दिली. एका मजल्यावर कादंबरीकार तर्कशास्त्र समजावून देतो आहे, दुसऱ्यावर कवि हाफिजची गझल उलगडतो आहे, आणि बांकावर बसलेला मुलगा सकाळीं वसतिगृहाची चूल फुंकून आलेला आहे ! असा योग फार थोड्या कॉलेजांच्या वांट्यास आला असेल.

या बांकांवर १९३४ पासून यशवंतराव चव्हाण बसत. त्याआधीं ते तुरुंगांत जाऊन आले होते. घरची गरिबी पाठीशीं होतीच. १९३८ सालीं इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेऊन ते येथून बी. ए. झाले. पुढें १९६० सालीं ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि ते त्या पदावर असतांनाच १८ नोव्हेंबर १९६२ रोजीं कोल्हापुरीं शिवाजी विद्यापीठाचें उद्घाटन झालें. त्यानंतर तीनच दिवसांनीं ते संरक्षणमंत्री झाले. ज्या गांवीं आपण परगांवचे विद्यार्थी म्हणून आलों, त्या गांवच्या मुलांना पदवीसाठीं दुसऱ्या शहराच्या विद्यापीठाकडे पाहावें लागूं नये, ही तळमळ त्यांना तेथल्या अनुभवानें दिली असेल, असें मानावयास हरकत नाहीं.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. मीं आतांपर्यंत ज्यांचीं नांवें घेतलीं तीं वसतिगृहें मुलांचीं. मुलीनें शहरांत येऊन कोठें राहावें, हा प्रश्न त्या पिढीनें नीट विचारलाच नाहीं. मुलगी शिकली तर ती शहरांतली, अधिकाऱ्याची वा सुधारकाची. १९४५ सालीं ताराराणी विद्यापीठ निघालें आणि मुलींच्या शिक्षणाबरोबर त्यांच्या राहण्याचाहि विचार तेथें झाला, तोंवर मराठा बोर्डिंगला चव्वेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. भावाच्या भाकरीची तजवीज आणि बहिणीच्या भाकरीची तजवीज यांमध्यें एवढें अंतर पडलें.

१ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें आणि राजाराम कॉलेज सरकारचें झालें. पुढें तें भवानी मंडपाशेजारची आपली जुनी जागा सोडून शहराच्या पूर्वेस विद्यानगरांत गेलें. आतां शिवाजी विद्यापीठ त्याचा शेजारी आहे. जुन्या दगडी इमारतींत हायस्कूल राहिलें. विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' अशी योजना आहे. मुलांनीं कांहीं तास काम करावें आणि त्यावर राहावें-शिकावें. गोविंदरावांचे ८ रुपये आतां त्या मुलाला स्वतःच मिळवितां येतात, असें म्हणा.

कॉलेज गेलें, पण बोर्डिंगें मात्र होतीं तेथेंच राहिलीं. पूर्वीं मुलगा वसतिगृहांतून निघून पांच-दहा मिनिटांत वर्गांत पोंचे. आतां त्याला सायकल वा बस लागते. खेड्याशीं त्याचें नातेंहि तुटलें नाहीं. १९४८ सालीं एस्. टी. सुरू झाली आणि पुढें ती आडवाटेच्या गांवीं पोंचल्यावर घरचा डबा तिच्या टपावरून वा कंडक्टरच्या हातीं शहरांत येऊं लागला. डब्याच्या झांकणावर सुतळीनें बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर मुलाचें नांव आणि बोर्डिंगचें नांव. स्टँडवर गाडी लागली कीं मुलें डब्यांची रास चाळीत. आपला डबा ओळखावयास पुष्कळांना चिठ्ठी वाचावी लागत नसे, फडक्याची गांठ पाहिली तरी पुरे. भाकरी पहांटे थापलेली असे, आणि दुपारपर्यंत ती गार झाली तरी मऊ राहावी म्हणून आई ती दुहेरी फडक्यांत गुंडाळून देई.